फ्रीमँटलबद्दल मी जे बोलले

फ्रीमँटल हे शहर मी अजून पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर सगळे हाच प्रश्न विचारतात. नवऱ्यानं विचारला, पुण्याहून बहिणीनं फोनवर विचारला, आणि आमच्या मॅनेजरनी तर चारचौघांत विचारला, "मॅडम, जे शहर तुम्ही बघितलंच नाही, त्याच्यासाठी एवढं भांडायचं कारण काय?" मी पुण्यात सहा वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपतच्या मैदानावर मी कधी उभी राहिले नव्हते. पण म्हणून मुलांना तिथली हवा छान आहे आणि पराठे चांगले मिळतात एवढंच सांगून मी धडा संपवला नव्हता.

लग्नानंतर आम्ही आलो ते अमिरातीत, रास अल खैमाला. नवरा तिथल्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात होता. पंधरा वर्षं आम्ही तिथे काढली. माझी बी.एड. इथल्या शाळांना चालावी म्हणून कागदांवर जेवढे शिक्के लागतात तेवढे गोळा करेपर्यंत मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि मधली वर्षं कोरी दिसतात म्हणून मला कुठे बोलावणं येईना. मग नवऱ्यानं नोकरी बदलली, आम्ही दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहायला आलो, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी घरापासून दोन सिग्नलवरच्या एका छोट्या टूर कंपनीत लागले. हुद्दा 'कंटेंट एक्झिक्युटिव्ह'. काम म्हणजे मराठीत सहलींची पानं लिहायची.

दुबईत मराठी पानं कशाला, असं मलाही वाटलं होतं. मॅनेजरनी समजावलं. ते मूळचे डोंबिवलीचे, वीस वर्षं इथे. "बघा मॅडम, मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्या बापाला वाचायला टाइम नाही. पण व्हिजिट व्हिसावर आलेले आजी-आजोबा दिवसभर घरी बसून सगळं वाचतात. आणि शेवटी तेच ठरवतात कुठे जायचं ते." त्यात तथ्य होतं. मी बाकू लिहिलं, तिबिलिसी लिहिलं, येरेवान लिहिलं. प्रत्येक पानाला तीन मथळे ठरलेले : इतिहास, संस्कृती, आकर्षणं. इतिहास चार ओळी. संस्कृती चार ओळी. आकर्षणांना हवी तेवढी जागा.

मग ऑस्ट्रेलिया आला. दुबईहून पर्थला थेट विमान आहे, आणि पर्थच्या शेजारी, नदीच्या मुखाशी, फ्रीमँटल हे जुनं बंदर. डिसेंबरच्या सुट्टीत मराठी कुटुंबांचा एक ग्रुप न्यायचा होता. मला आठ दिवस दिले होते. मी त्यातले सहा वाचनातच घालवले, कारण ते शहर मला आवडायला लागलं होतं.

काय नव्हतं तिथे! चुनखडीच्या दगडात बांधलेल्या इमारती, दुपारच्या उन्हात लोण्यासारख्या दिसणाऱ्या. समुद्रावरून रोज दुपारी येणारा गार वारा. लोक त्याला 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो आला की तापलेल्या शहराला बरं वाटतं. शंभर वर्षांहून जुनी मंडई, शुक्रवार ते रविवार गजबजलेली. इटलीहून, क्रोएशियाहून आलेल्या कोळ्यांच्या होड्या; वर्षातून एकदा हे कोळी मेरीमातेची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवत धक्क्यावर नेतात आणि होड्यांना आशीर्वाद मागतात. ते वाचताना मला आपली नारळी पौर्णिमा आठवली, आणि संस्कृतीच्या चार ओळींच्या मी नऊ केल्या. मॅनेजरनी त्या कापल्या नाहीत. उलट म्हणाले, "हे बेस्ट आहे. आज्या खूश होतील."

अडलं ते इतिहासावर. म्हणजे खरं तर आकर्षणांवर.

फ्रीमँटलहून बोटीनं अर्ध्या तासावर एक बेट आहे, रॉटनेस्ट. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, भाड्याच्या सायकली, आणि क्वोका नावाचा मांजराएवढा प्राणी. कांगारूच्या जातीचा, पण त्याचं तोंड कायम हसल्यासारखं दिसतं. जगभरचे लोक त्याच्या शेजारी पोटावर झोपून फोटो काढतात. आमच्या पानाच्या अर्ध्या भागावर तोच हसणार होता. मी बेटाची माहिती वाचत गेले तेव्हा कळलं, की ब्रिटिश आल्यावर जवळजवळ शंभर वर्षं हे बेट म्हणजे तुरुंग होतं. त्या भूमीच्या मूळच्या लोकांचा तुरुंग. कुणी आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर आलेली गोऱ्यांची मेंढी मारून खाल्ली, कुणी गोऱ्याच्या नोकरीतून पळून गेला, असल्या गुन्ह्यांसाठी शेकडो मैलांवरून माणसांना, पोरसवदा मुलांनासुद्धा, गळ्यात साखळ्या घालून चालवत आणलं. फ्रीमँटलच्या टेकाडावरच्या बारा बाजूंच्या दगडी कोठडीत ठेवलं आणि तिथून होडीनं बेटावर नेलं. कित्येक जण तिथेच मेले. त्यांना खुणेचा दगडसुद्धा न ठेवता पुरलं. आणि पुढे त्याच जागेवर कितीतरी वर्षं सुट्टीला आलेली कुटुंबं तंबू ठोकून राहत होती. तुरुंगाच्या कोठड्यांच्या भिंती पाडून खोल्या मोठ्या केल्या आणि त्या पर्यटकांना राहायला दिल्या. ते आता बंद झालंय, तेही अगदी अलीकडे.

मी सहा ओळींचा एक परिच्छेद लिहिला. क्वोकाच्या फोटोखाली. जहाल शब्द एकही नाही. शाळेच्या पुस्तकात असतो तसा.

मॅनेजरनी पान वाचलं, लाल पेनानं परिच्छेदाभोवती चौकोन काढला आणि म्हणाले, "हा काढा."

"का?"

"मॅडम, लोक सुट्टीला जातात. सुतकाला नाही."

"पण सर, पानावर आपण 'इतिहास' असं लिहिलंय."

"तो आहे ना! शिपरेक म्युझियम आहे, कैद्यांनी बांधलेला मोठा तुरुंग आहे, टॉर्च घेऊन टूर असते तिथे. लोकांना तुरुंग आवडतात. पण हे असं नको."

मला आधी हसू आलं आणि मग राग आला. गोऱ्या कैद्यांचा तुरुंग हे आकर्षण, आणि काळ्या कैद्यांचा तुरुंग हे सुतक. तसं मी म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "पॉलिटिक्स नको. खलास." आणि कुणाला तरी फोन लावला.

आमच्या ऑफिसात तिकिटांच्या टेबलावर रत्नागिरीकडची एक मुलगी बसते. मुलगी म्हणजे चौतीस-पस्तिशीची, दोन लेकरांची आई, पण मला ताई म्हणते. तिनं हे सगळं ऐकलं होतं. पॅन्ट्रीत चहा घेताना ती म्हणाली, "ताई, एक सांगू? माझे अब्बा गेलेत त्या फ्रीमँटलला. एकदा नाही, दहा-बारा वेळा. जहाजावर होते ना. ते पण त्या बेटाबद्दल काहीतरी सांगतात. आम्ही कधी नीट ऐकलंच नाही."

"मला भेटवशील?"

"या ना शनिवारी. अब्बा सध्या माझ्याकडेच आहेत. पण ताई, सरांना माझं नाव नका सांगू. तुमचा व्हिसा भाईसाहेबांचा आहे. माझा कंपनीचा आहे, नोकरी गेली की देश सोडायचा."

हे ती अगदी सहज बोलली. मला मात्र ते लागलं, कारण मी तोपर्यंत स्वतःला फार धीट समजत होते.

ती दुबईतच, मुहैस्नाहला राहते. शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा खाली रस्त्यावर कामगारांच्या बसेस ओळीनं लागत होत्या आणि वर तिच्या घरात भाकरी आणि माशाच्या कालवणाचा वास भरला होता. तिचे अब्बा खिडकीशी खुर्ची घेऊन बसले होते. पंचाहत्तरीच्या आसपासचे, बारीक, दाढी मेंदीनं लाल केलेली. मी त्यांना चाचा म्हटलं आणि कामाचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बाय, तू मेंढरांचं जहाज बघितलंस कधी?"

मी नाही म्हटलं.

"आठ-आठ, नऊ-नऊ मजले. बिल्डिंगच चालली दर्यावर. सगळ्या मजल्यांवर मेंढरं. फ्रीमँटलला भरायची आणि इकडं आखातात आणून उतरवायची. वीस-बावीस दिवस आमी त्यांना पाणी घाल, चारा घाल, मेलेली बाजूला काढ. मी त्या जहाजावर भंडारी व्हतो." भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, हे लेकीनं मला हळूच सांगितलं.

इथे आखातात इतकी वर्षं राहून, ईदला शेजाऱ्यांकडून आलेलं ताट किती वेळा घेऊन, ती मेंढरं कुठून येतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती या शहरातून येत होती. मी ज्याचं पान लिहीत होते त्याच शहरातून.

"जहाज भरायला लागलं की साऱ्या गावात वास," चाचा सांगत होते. "मग लोक बोंब मारायचे. पेपरात लिहायचे. एकदा आमाला चार तासांची सुट्टी मिळाली. मी तीनदा आंघोळ केली. ईदचा शर्ट घातला. आमी तिघं जण गेलो, एक मी, एक केरळचा, एक कराचीचा. तिथं एक रस्ता हाय, सगळी कॉफीची दुकानं, माणसं भाईर खुर्च्या टाकून बसलेली. आमी पण बसलो. तर दुकानदार आला. म्हणतो, प्लीज, तिकडं, रस्त्याच्या पलीकडं. नाकावर हात ठेवला त्यानं."

"मग?"

"केरळचा उठला. कराचीचा पण उठला. मी नाय उठलो. मला इंग्लिश काय येतं! मी म्हटलं, युवर शीप. धिस स्मेल, युवर शीप. आय ओन्ली कुक." ते हसले, पण जरासेच. "तो आत गेला आणि कॉफी घेऊन आला. मी बसून प्यायलो. कडू व्हती, पण सगळी प्यायलो."

त्या दिवशी जहाजावर परतायला वेळ होता म्हणून ते एकटेच टेकाडावर गेले होते, त्या बारा बाजूंच्या दगडी कोठडीपाशी. तिथे एका बाकावर त्या भूमीचाच एक म्हातारा बसला होता. त्यानं यांना कुठल्या जहाजावरचा म्हणून विचारलं. मेंढरांच्या, असं म्हटल्यावर तो म्हणाला, मेंढरांपायीच माझ्या आजोबांना नेलं होतं. आणि त्यानं क्षितिजावरच्या बेटाकडे बोट केलं. चाचांना सगळं समजलं नाही. गळ्याला हात लावून त्यानं साखळी दाखवली, ती समजली. दोन बोटं एकमेकांना जोडून माणसं माणसांना बांधलेली दाखवली, तेही समजलं. आजोबा परत आले नाहीत, हे शेवटचं.

"मी त्याला इन्ना लिल्लाही म्हटलं, कुणी गेलं की आमी म्हणतो ते," चाचा म्हणाले. "त्याला काय कळलं ठाऊक नाय. पण त्यानं माझा हात धरून ठेवला बराच वेळ. बाय, माझ्या अंगाला वास येत व्हता. त्यानं नाक नाय दाबलं."

घरी येताना टॅक्सीत मी ठरवलं, परिच्छेद काढायचा नाही.

नवऱ्याला हे पटलं नाही. तो वाईट माणूस नाही. फक्त त्याला कुणाशी भांडण नको असतं. "इथे आपण पाहुणे आहोत. आपल्या देशात नाही, त्यांच्या देशात नाही, तिसऱ्याच कुठल्या तरी देशातल्या अन्यायासाठी तू नोकरी घालवणार?" आमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "ममा, जस्ट पोस्ट इट ऑनलाइन." मला ऑनलाइन नको होतं. मी जे पान लिहिलं होतं, त्या पानावर ते हवं होतं.

सोमवारी पान परिच्छेदासकट डिझायनरकडे पाठवलं. मंगळवारी ते परिच्छेदाशिवाय छापून आलं. कुणी काढला हे विचारायची गरज नव्हती. त्या जागी क्वोकाचा फोटो बोटभर मोठा केला होता.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याच भागातल्या एका टॉवरच्या हॉलमध्ये माहितीचा कार्यक्रम होता. बोलायचं मीच होतं, कारण आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगणारं दुसरं कुणी ऑफिसात नव्हतं. मी मॅनेजरना शुक्रवारीच सांगून टाकलं, "सर, मी बोलणार असेन तर पूर्ण बोलेन. नको असेल तर दुसरं कुणी बघा." ते हसले. "अरे यल्ला, चला मॅडम, बोला ना, कोण अडवतंय!" त्यांना वाटलं, माणसं समोर बसली की मी आपोआप गोड बोलेन. बायका तशाच बोलतात, असा त्यांचा अनुभव असणार.

हॉल भरला. समोसे होते, मँगो ज्यूस होता, मुलं खुर्च्यांमधून पळत होती. मी चाचांना बोलावलं होतं. ते ईदला घालतात तसा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत टोकाला बसले. त्यांची लेक प्रोजेक्टरपाशी उभी होती. सरांना कळू नये म्हणून तिनं वडिलांकडे पाहिलंच नाही. माझा नवरा शेवटच्या रांगेत, मुलगी त्याच्या शेजारी.

मी मंडईपासून सुरुवात केली. मग कोळ्यांची मिरवणूक, मग दुपारचा डॉक्टर वारा. आज्या माना डोलवत होत्या. मग पडद्यावर क्वोका आला आणि सगळी मुलं "सो क्यूट!" म्हणून ओरडली. मी ओरडणं थांबेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "आता या बेटाबद्दल एक गोष्ट सांगते. तुमच्या हातातल्या कागदावर ती नाही. मी लिहिली होती, ती काढली गेली."

मागून मॅनेजरनी हात वर करून पुढे सरका अशी खूण केली. मी सरकले नाही. ब्रिटिश यायच्या आधी त्या नदीच्या मुखाशी कोण राहत होतं ते सांगितलं. नूंगार हे त्यांचं नाव दोनदा उच्चारलं, लक्षात राहावं म्हणून. साखळ्या सांगितल्या, कोठडी सांगितली, होड्या सांगितल्या. पुरलेल्या माणसांवरचे तंबू सांगितले.

तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आम्ही इथे आयटिनररी ऐकायला आलोय. मुलं बसलीत समोर."

"मुलांना मी पानिपतसुद्धा शिकवलंय," मी म्हटलं. "मुलांना सगळं कळतं. आपल्यालाच ऐकवत नाही."

तेवढ्यात मॅनेजर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि माइकसाठी त्यांनी हात पुढे केला. चेहऱ्यावर हसू होतं, सगळ्यांना दाखवायचं. मी माइक दिला नाही. त्यांनी तो धरला, मीही धरून ठेवला. माझ्या आयुष्यात मी कुणाशी अशी ओढाओढ केलेली नाही, भाजीवाल्याशीसुद्धा नाही.

चाचा उठले. माइकची त्यांना गरज नव्हती. जहाजाच्या इंजिनावरून ओरडायची सवय होती. "साहेब, तिला बोलू दे. ती खोटं नाय बोलत. मी तिथं गेलेला माणूस हाय." आणि मग त्यांनी स्वतःच सांगितलं. मेंढरांचं जहाज, तीन आंघोळी, कॉफी, बाकावरचा म्हातारा. साखळी त्यांनी तशीच दाखवली, गळ्याला हात लावून. पळणारी मुलं थांबून ऐकत होती. प्रोजेक्टरपाशी त्यांची लेक दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. बापाला हे असं चारचौघांत सांगताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

ते बसल्यावर एका आजींनी मला विचारलं, "म्हणजे बाई, तुमचं म्हणणं काय? आम्ही जाऊ नये का त्या बेटावर?"

"जा ना आजी. जरूर जा. समुद्रात पाय बुडवा, क्वोकाबरोबर फोटो काढा. शहर सुंदर आहे, मला स्वतःला जायचंय. फक्त आपण कुठे उभे आहोत ते माहीत असू दे. एवढंच म्हणणं आहे."

त्यांनी मान हलवली आणि समोसा खायला लागल्या. दोन कुटुंबं उठून गेली. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी विमान कुठल्या टर्मिनलवरून सुटतं ते विचारलं, आणि मी ते सांगितलं.

घरी जाताना गाडीत मुलगी म्हणाली, "दॅट वॉज सो ऑकवर्ड, ममा." आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "बट डोंट से सॉरी टू हिम." नवऱ्यानं वाटेत गाडी थांबवून माझ्यासाठी करक, म्हणजे इथला दाट, कडक दुधाचा चहा आणला. मला जो आवडतो तो, वेलची जास्त असलेला.

सोमवारी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी एक मेल तयार करून ठेवला होता, सगळ्या कुटुंबांना पाठवायला. त्यात माझ्या नावानं दिलगिरी होती. कार्यक्रमात काही अनावश्यक गोष्टी बोलल्या गेल्या, असं काहीतरी.

"मी हे पाठवणार नाही."

"मग राजीनामा द्या."

"तोही देणार नाही. काढायचं असेल तर काढा. पण कारण लिहून द्या. काय कारण लिहिणार? इतिहास या मथळ्याखाली इतिहास सांगितला म्हणून?"

ते खूप चिडले. म्हणाले, "तुमचा व्हिसा नवऱ्याचा आहे, म्हणून हा आवाज आहे."

"हो, आहे," मी म्हटलं. "ज्यांचा नाही त्यांना बोलता येत नाही. मला येतं, म्हणून मी बोलले."

त्यांनी मला काढलं नाही. माझ्यावर दया आली म्हणून नव्हे. त्या आठवड्यात फोन यायला लागले होते, आणि उठून गेलेल्या कुटुंबांच्या बदल्यात बरीच जास्त नवीन कुटुंबं चौकशी करत होती. त्यातल्या बहुतेकांनी विचारलं, की त्या बोलणाऱ्या बाई आणि ते जहाजवाले काका बरोबर येणार का? मॅनेजर व्यवहार जाणतात. पंधरा दिवसांनी त्यांनी मला परत बोलावलं आणि म्हणाले, "तुम्हीच जा ग्रुप घेऊन. तिकीट, हॉटेल, सगळं कंपनीचं. फक्त हे स्क्रिप्ट आहे, याच्यावर सही करा. याच्या बाहेर एक शब्द नाही."

दोन पानं होती. बेटावर क्वोका होता आणि सायकली होत्या.

खरं सांगते, मोह झाला. ती मंडई, तो दुपारचा वारा, ते टेकाड. एक सही करायची आणि तिथे गेल्यावर हवं ते बोलायचं, कोण ऐकायला येणार आहे? पण मला सही करून मोडायची नव्हती. मला ती करायचीच नव्हती. मी कागद परत केला. बहिणीनं फोनवर मला वेडी म्हटलं. "फुकटचा ऑस्ट्रेलिया सोडलास!" सोडला.

मग मॅनेजरनी तिकिटांच्या टेबलावरच्या माझ्या मैत्रिणीला विचारलं. तिनं दोन्ही पानांवर सही केली. तिनं मला ते स्वतः येऊन सांगितलं, मान खाली घालून. "ताई, मला नाही म्हणणं जमलं नाही." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिचा राग आला नाही, आणि येऊ देणारही नव्हते. दोन लेकरं, म्हातारा बाप, कंपनीचा व्हिसा. तिला मी माझ्या मोजपट्टीनं मोजणार नव्हते.

डिसेंबरात ग्रुप गेला. चौथ्या दिवशी सकाळी, मी डबा भरत असताना, तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे वाऱ्याचा इतका आवाज होता की मला तो तीनदा ऐकावा लागला.

"ताई, आत्ता बेटावर आहे. ते पुरलेत ना, त्या जागेपाशी. स्क्रिप्टमध्ये नव्हतं इथे यायचं. मीच सगळ्यांना घेऊन आले. अब्बांनी सांगितलेलं सगळं सांगितलं मी. नूंगार पण बोलले, दोनदा. मला वाटलं कुणीतरी ओरडेल. ताई, कुणी काही बोललं नाही. त्या आजी आहेत ना, समोसेवाल्या, त्यांनी चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. लहान मुलांनी पण. मी त्या गेलेल्यांसाठी फातिहा पढले. मला माहीत नाही सर काय करतील. करू दे."

सरांना ते ग्रुपमधल्याच कुणाच्या तरी फोटोवरून कळलं. अनवाणी उभी असलेली चाळीस माणसं, पाठमोरी, आणि मागे समुद्र. त्यांनी फोटो माझ्यासमोर धरला. "हे तुम्ही शिकवलंत तिला."

मी नाही म्हटलं. तिला ते तिच्या बापानं सांगितलं होतं आणि बाकीचं तिचं तिनं केलं होतं.

ती परत आल्यावर तिच्यावर काही कारवाई झाली तर काय करायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. ओळखीच्या एका वकील बाईंना फोन करून ठेवला होता, आणि त्या ग्रुपमधल्या तीन आज्यांनी, मी न सांगता, ऑफिसात येऊन बसायची तयारी दाखवली होती. पण तशी वेळ आली नाही. मॅनेजरनी तिला दोन दिवस केबिनमध्ये बोलावलं नाही, तिसऱ्या दिवशी फेब्रुवारीच्या तिकिटांचं काम दिलं, आणि विषय संपला. चाचा उन्हाळ्याच्या आधी रत्नागिरीला परत गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मला एक जुना फोटो दिला. धक्क्यावर तिघं उभे, मागे ते नऊ मजली जहाज, आणि मधले ते, छाती पुढे काढून.

मी अजून तिथेच काम करते. सध्या बातुमीचं पान लिहितेय, काळ्या समुद्राकाठचं बंदर. इतिहासाच्या चार ओळी आहेत आणि मी सध्या अकराव्या ओळीवर आहे.